आतड्याचा कॅन्सर: गाठीवरून पुढचे किती कळते?

‘कुठली स्टेज आहे?’ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे निदान झाले की घरातला पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर मिळाले की पुढचा हिशेब घरचेच मांडून मोकळे होतात: पहिली म्हणजे बचावलो, चौथी म्हणजे संपले. हा हिशेब अगदीच खोटा नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदी पाहिल्या तर कॅन्सर आतड्यापुरता असताना सापडलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पाच वर्षांनंतर हयात असतात. आसपासच्या भागात किंवा लसिका ग्रंथींत गेलेला असेल तर हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर येते आणि यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत पोहोचला असेल तर जेमतेम १५ टक्क्यांवर.

पण ही टक्केवारी गटाची असते, माणसाची नसते. दुसऱ्या स्टेजच्या बहुतेक रुग्णांना नुसत्या शस्त्रक्रियेने गुण येतो. काही जणांचा आजार मात्र दोन-तीन वर्षांत यकृतात पुन्हा डोके वर काढतो. हे काही जण कोण, ते स्टेज सांगू शकत नाही. त्यासाठी गाठीची ठेवण पाहावी लागते आणि गाठीतली व रक्तातली प्रथिने तपासावी लागतात. अशा खुणांची यादी आता फार लांबली आहे. त्यातल्या थोड्याच खुणांमुळे डॉक्टरांचा निर्णय बदलतो. त्या थोड्या कोणत्या, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असलेले बरे.

स्टेज कशावरून ठरते

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन गट पाडले. आतड्याच्या भिंतीच्या आतच असलेला तो ‘ए’, भिंत ओलांडून बाहेर आलेला तो ‘बी’ आणि लसिका ग्रंथींत शिरलेला तो ‘सी’. जगभर आज वापरली जाणारी टीएनएम पद्धत याच विचाराचा विस्तार आहे. ‘टी’ म्हणजे गाठ किती खोल गेली, ‘एन’ म्हणजे किती ग्रंथींत कॅन्सर आढळला आणि ‘एम’ म्हणजे दूर कुठे पोहोचला का.

या पद्धतीत एक विचित्र गोष्ट आहे. आतड्याची बाहेरची भिंत फोडून शेजारच्या अवयवाला चिकटलेली, पण एकाही ग्रंथीत न शिरलेली गाठ दुसऱ्या स्टेजमध्ये मोडते. लहान गाठ आणि एक-दोन बाधित ग्रंथी असतील तर ती तिसरी स्टेज. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारच्या रुग्णांचे भवितव्य दुसऱ्या प्रकारापेक्षा वाईट असल्याचे मोठ्या नोंदींतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणजे स्टेजचा आकडा चढत गेला की धोका त्याच क्रमाने चढतो असे नाही.

दुसरी अडचण मोजणीची आहे. ‘ग्रंथींत कॅन्सर नाही’ असे रिपोर्टमध्ये लिहिलेले असते, पण किती ग्रंथी तपासल्या? किमान १२ तपासाव्यात असा दंडक आहे. पाचच तपासल्या असतील तर ‘नाही’ या शब्दाला फारसा भरवसा उरत नाही, आणि अशा रुग्णाला दुसऱ्या स्टेजमध्येही जास्त जोखमीचा मानतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेआधी रेडिएशन दिलेले असेल तर ग्रंथी मुळातच कमी सापडतात, तेवढी सूट द्यावी लागते. एरवी हा आकडा सर्जनचे आणि पॅथॉलॉजिस्टचे काम किती नेटके झाले हे सांगतो. महागड्या जनुकीय चाचणीची चौकशी करण्याआधी रिपोर्टमधली ही ओळ वाचावी, असे माझे मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी लक्षणे

रिपोर्टच्या मधल्या भागात काही ओळी असतात. त्या बहुतेक जण ओलांडून जातात, पण खरा ऐवज तिथेच असतो. गाठीच्या पेशी लहान रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरल्या आहेत का? मज्जातंतूंच्या कडेने सरकल्या आहेत का? आतड्याच्या भिंतीबाहेरच्या शिरेत घुसल्या आहेत का? आतड्याचे रक्त थेट यकृताकडे जाते, म्हणून शिरेत घुसलेली गाठ यकृताच्या वाटेवर असण्याचा धोका जास्त.

गाठीची पुढची कडाही बोलकी असते. काही गाठी सलग आघाडीने पुढे सरकतात. काहींच्या कडेपासून सुट्या पेशी किंवा चारपर्यंत पेशींचे लहान पुंजके तुटून आजूबाजूच्या उतींत विखुरतात. याला ट्यूमर बडिंग म्हणतात. जपानी पॅथॉलॉजिस्ट याकडे कितीतरी आधीपासून गांभीर्याने पाहत होते. इतरत्र मात्र प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी होती, त्यामुळे एकाचा ‘जास्त’ दुसऱ्याचा ‘मध्यम’ व्हायचा. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे जाणकार एकत्र जमले आणि मोजणीचा एकच नियम ठरला. सर्वांत जास्त पुंजके दिसणारी जागा निवडायची आणि ०.७८५ चौरस मिलिमीटर क्षेत्रातले पुंजके मोजायचे. ० ते ४ म्हणजे कमी, ५ ते ९ म्हणजे मध्यम, १० किंवा अधिक म्हणजे जास्त. यासाठी नवे यंत्र लागत नाही की महागडे रसायन लागत नाही. नेहमीची गुलाबी-जांभळ्या रंगाची स्लाइड पुरते. कोलोनोस्कोपीत काढलेल्या मोडात (पॉलिपमध्ये) अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला तर तेवढ्यावर थांबायचे की आतड्याचा तो भाग कापून काढायचा, या निर्णयात हा आकडा कामी येतो.

गुदाशयाच्या बाबतीत आणखी एक मोजमाप निर्णायक असते. ते म्हणजे काढलेल्या भागाच्या बाजूच्या कडेपासून गाठीचे अंतर. इंग्लंडमधल्या लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी १९८६ मध्ये दाखवले की कॅन्सर तिथेच पुन्हा उगवण्याचा या बाजूच्या कडेशी घट्ट संबंध आहे. आज हे अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कडा बाधित धरतात. त्याच दशकात बिल हील्ड हे सर्जन बेसिंगस्टोक इथे गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढण्याची पद्धत रुजवत होते. पुढे ती जगभर स्वीकारली गेली आणि जागच्या जागी कॅन्सर उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. इथे भवितव्य गाठीच्या स्वभावाइतकेच सर्जनच्या हातावरही ठरते. म्हणूनच चांगल्या रिपोर्टमध्ये हे आवरण अखंड होते की फाटलेले, याचीही नोंद असते.

आपल्याकडचे चित्र थोडे निराळे आहे. आतड्याच्या कॅन्सरचे भारतातले प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी, पण रुग्ण तरुण. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१३-१४ या वर्षात आलेल्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचे सरासरी वय सुमारे ४७ भरले. अमेरिकेत निम्मे रुग्ण निदानाच्या वेळी पासष्टीच्या आसपास किंवा पुढचे असतात. याच आढाव्यात सिग्नेट रिंग प्रकारच्या गाठींचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते; पाश्चात्त्य नोंदींत ते १ टक्क्याच्या आसपास असते. या प्रकारात पेशीत श्लेष्मा साठून केंद्रक एका बाजूला ढकलले जाते आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. ही गाठ पोटाच्या आतल्या आवरणावर पसरते, उपचारांना कमी दाद देते. परदेशी रुग्णांवरून बांधलेले अंदाज जसेच्या तसे आपल्याकडे लावताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा. तरुण माणसाला शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध म्हणून महिनोन् महिने मलम लावत बसण्याची आपली सवय या चित्रात भरच घालते.

सीईए: रक्तातले जुने प्रथिन

१९६५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये आणि गर्भाच्या आतड्यात आढळणारे एक प्रथिन सापडले. त्याचे नाव कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन, म्हणजेच सीईए. साध्या रक्तचाचणीतून आतड्याचा कॅन्सर पकडता येईल, अशी मोठी आशा तेव्हा निर्माण झाली होती. ती फोल ठरली. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये सीईए अनेकदा नॉर्मल असते. उलट धूम्रपान, यकृताचे आजार, आतड्याची जुनाट सूज यांतही ते वाढते. म्हणून धडधाकट माणसाने ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सीईए करून घेण्यात अर्थ नाही. तरीही पॅकेजमध्ये ते असते आणि आकडा किंचित वाढला की घरभर धावपळ सुरू होते.

निदान झाल्यावर मात्र हेच प्रथिन कामाचे ठरते. मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम ही नेहमीची मर्यादा. शस्त्रक्रियेआधी आकडा त्याच्या वर असेल तर धोका जास्त मानतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर चार ते सहा आठवड्यांत तो खाली यायला हवा. आला नाही तर कुठेतरी काही उरले आहे, असा संशय घ्यावा लागतो. पुढे पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी सीईए पाहतात. एका आकड्यापेक्षा चढती रांग महत्त्वाची: २, ४, ७, ११ असे दिसले तर स्कॅन हवाच. यकृतातला एखादा डाग लवकर सापडला तर तो कापून काढता येतो आणि असे काही रुग्ण पूर्ण बरे होतात. चौथी स्टेज म्हणजे संपले, हा हिशेब इथे चुकतो.

दुरुस्ती करणारी चार प्रथिने

रिपोर्टमधली सर्वांत मोलाची प्रथिन-चाचणी कोणती, असे कुणी विचारले तर मी बेधडक एमएमआरचे (मिसमॅच रिपेअर) नाव घेईन. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करणारी मुख्य प्रथिने चार आहेत: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. ती जोडीने काम करतात, पहिली दोन एकत्र आणि पुढची दोन एकत्र. जोडीतले एमएलएच१ नाहीसे झाले की पीएमएस२ही टिकत नाही. एमएसएच२ गेले की एमएसएच६ जाते.

तपासणीची रीत साधी आहे. गाठीचा तुकडा ज्यात बसवून ठेवतात त्या मेणाच्या ब्लॉकमधून काही मायक्रॉन जाडीचा काप काढून त्यावर त्या त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते, नसेल तर कोरे राहते. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर गाठीत दोष आहे असे नव्हे, चाचणीच फसली आहे. या तपासणीला दवाखान्यात नुसते ‘आयएचसी’ म्हणतात.

आतड्याच्या सुमारे १५ टक्के गाठींत हा दुरुस्ती विभाग बंद पडलेला असतो. चुका साचत जातात, विचित्र प्रथिने तयार होतात आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना परके म्हणून ओळखतात. दुसऱ्या स्टेजमध्ये अशा गाठीचे भवितव्य सरासरीपेक्षा चांगले असते आणि नुसत्या ५-एफयू या केमोचा तिथे फायदा दिसत नाही. म्हणजे एका स्वस्त चाचणीमुळे काही रुग्णांची केमो टळते.

चौथ्या स्टेजमध्ये चित्र पालटते. तिथे अशा गाठी कमी, चार-पाच टक्केच, आणि पूर्वी त्यांचे परिणाम वाईट असत. मग इम्युनोथेरपी आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-१७७ या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांमध्ये आजार न वाढता गेलेला मध्यम काळ १६.५ महिने होता, केमो घेणाऱ्यांमध्ये ८.२ महिने. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून त्याहून चकित करणारी बातमी आली. गुदाशयाचा कॅन्सर असलेल्या आणि एमएमआर दोष असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब दिले, आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन नाही. गुदद्वार काढून पोटावर पिशवी लावण्याची वेळ ज्याच्यावर येऊ शकते, त्याच्यासाठी याचे मोल काय ते सांगायला नको. औषधाची किंमत मात्र आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहे.

या चाचणीला घराण्याचाही पदर आहे. १८९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला सांगितले होते की, आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही तशीच जाईन. तसेच झाले. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये त्या घराण्याचा वृत्तान्त छापला. पुढे हेन्री लिंच यांनी अशी घराणी धुंडाळण्यात आयुष्य घातले. आनुवंशिक एमएमआर दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात आणि आतड्याच्या कॅन्सरच्या सुमारे ३ टक्के रुग्णांत तो आढळतो. असे निघाले तर भाऊ, बहिणी, मुले यांचीही तपासणी करावी लागते, आणि स्त्रियांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो. मात्र एमएलएच१ नाहीसे झाले म्हणजे लिंचच, असे नाही. उतारवयात, आतड्याच्या उजव्या भागात हे जनुक आपोआपही बंद पडते. अशा गाठीत बीराफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला तर आनुवंशिक दोषाची शक्यता फारच कमी होते.

भाकीत वेगळे, औषधाची निवड वेगळी

काही खुणा सांगतात की आजार पुढे कसा वागेल. काही सांगतात की अमुक औषध लागू पडेल का. या दोन गोष्टींची गल्लत डॉक्टरांच्या लेखांतही होते.

केरास हे जनुक दुसऱ्या प्रकारातले. सुमारे ४० टक्के गाठींत त्यात बदल झालेला असतो. २००८ मध्ये स्पष्ट झाले की असा बदल असेल तर सेटुक्सिमॅब या औषधाचा काहीच उपयोग होत नाही. बदल नसलेल्यांत त्या औषधाने मध्यम आयुष्य ४.८ महिन्यांवरून ९.५ महिन्यांवर गेले. त्याआधी हे औषध सरसकट दिले जाई. बीराफचा व्ही६००ई बदल दोन्ही प्रकारांत मोडतो. एकीकडे तो वाईट भवितव्याची खूण आहे. दुसरीकडे, त्वचेच्या मेलॅनोमात हाच बदल रोखणारे औषध एकट्याने गुण देते, आतड्यात मात्र देत नाही, कारण आतड्याच्या पेशी ईजीएफआर या दुसऱ्या वाटेने संदेश चालू ठेवतात. दोन्ही वाटा एकदम अडवल्या तरच फरक पडतो, हे २०१९ च्या बीकन चाचणीत दिसले. हर२ प्रथिनाची वाढ दोन-तीन टक्के गाठींत असते आणि तिच्यावरही औषधे आहेत.

गाठीची बाजूही इथे धरावी लागते. उजवे आणि डावे आतडे गर्भात वेगवेगळ्या भागांपासून बनते. पसरलेल्या आजारात उजव्या बाजूच्या गाठींचे परिणाम वाईट असतात आणि सेटुक्सिमॅबसारखी औषधे प्रामुख्याने डाव्या बाजूला उपयोगी पडतात. गाठ कुठे होती हे कळायला खर्च शून्य.

दाराशी आलेली, आत न आलेली

काही खुणा आश्वासक असूनही रोजच्या वापरात आलेल्या नाहीत. त्यांपैकी सीडीएक्स२ हे आतड्याच्या पेशीची ओळख टिकवणारे प्रथिन. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत ते नव्हते, त्यांच्यातले पाच वर्षे आजाराविना राहिलेले सुमारे निम्मे होते. ज्यांच्यात होते त्यांच्यात हेच प्रमाण ८० टक्के किंवा अधिक. सीडीएक्स२ नसलेल्यांनी केमो घेतली तर फायदा झाल्यासारखा दिसला, पण अशा गाठी मुळातच थोड्या आणि तुलना जुन्या नोंदींवरची.

पॅरिसचे जेरोम गॅलों यांनी २००६ मध्ये वेगळाच मुद्दा मांडला: कॅन्सरच्या पेशींकडे पाहताय, तिथे जमलेल्या टी पेशींकडेही पाहा. गाठीच्या मध्यभागी आणि कडेला सीडी३ व सीडी८ प्रथिने असलेल्या पेशींची मोजणी म्हणजे इम्युनोस्कोअर. २०१८ मध्ये १३ देशांतल्या नमुन्यांवर तो पारखला गेला आणि कॅन्सर उलटण्याचा अंदाज त्याने चांगला बांधला. तरीही रोजच्या रिपोर्टमध्ये तो क्वचितच दिसतो.

मग पी५३, केआय-६७ आणि इतर असंख्य प्रथिनांचे काय? त्यांच्यावर ढीगभर निबंध आहेत. २०११ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखात जॉर्ज पोस्ट यांनी सर्व आजार मिळून हिशेब दिला होता: जैवखुणांवर दीड लाखांवर शोधनिबंध आणि नेहमीच्या वापरात आलेल्या शंभरही नाहीत. कारणे फार गूढ नाहीत. शंभर-दीडशे रुग्णांचा अभ्यास, प्रत्येक प्रयोगशाळेचे प्रतिपिंड निराळे, आणि ‘जास्त’ कशाला म्हणायचे ती मर्यादा निकाल पाहून ठरवलेली. अशी मर्यादा त्याच रुग्णांवर झकास चालते आणि दुसऱ्या शहरात कोसळते. नकारार्थी निकाल छापले जात नाहीत, ते वेगळेच. अशा अभ्यासांत काय काय सांगितलेच पाहिजे याचे ‘रिमार्क’ नियम २००५ मध्ये आले, पण ते पाळणारे थोडे.

रक्तातले डीएनए

गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात शोधण्याची चाचणी सध्या चर्चेत आहे. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत दुसऱ्या स्टेजच्या ४५५ रुग्णांपैकी एका गटाची केमो या चाचणीवरून ठरवली, दुसऱ्या गटाची नेहमीच्या लक्षणांवरून. पहिल्या गटात १५ टक्के लोकांना केमो लागली, दुसऱ्यात २८ टक्के. दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ९३.५ आणि ९२.४ टक्के. कमी औषधात तेवढाच गुण.

ब्लॉक आणि रिपोर्ट

या सगळ्या चाचण्यांचा कच्चा माल म्हणजे मेणाचा ब्लॉक. काढलेला भाग शस्त्रक्रियागृहातून लगेच पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये गेला नाही तर प्रथिने खराब होतात आणि नंतर कितीही चांगली प्रयोगशाळा गाठली तरी उपयोग नसतो. गुदाशयाच्या रुग्णात रेडिएशन आणि केमोनंतर एमएसएच६ फिके पडू शकते, म्हणून एमएमआर पहिल्या बायप्सीवरच करून घेणे चांगले. गावाकडून मुंबईला दाखवायला नेताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नये. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात, पोच द्यावी, आणि त्यांवर नाव व नमुना क्रमांक तपासून घ्यावा. ब्लॉक उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये. डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच: किती ग्रंथी तपासल्या, कडा मोकळी आहे का, शिरेत किंवा मज्जातंतूत शिरकाव आहे का, एमएमआर केले का, आणि आजार पसरलेला असेल तर केरास व बीराफ पाहिले का.